चाललं की कमी होणारं छातीचं दुखणं : सोलापुरात झालेल्या माझ्या अँजिओप्लास्टीबद्दल

चालताना छातीत दडपल्यासारखं होतं, पाच मिनिटं बसलं की ओसरतं, आणि पुन्हा उठून चालायला लागलं की मग कितीही चाला, काहीच होत नाही. असं दुखणं तुम्हाला किंवा घरात कुणाला असेल तर हे जरा सवडीनं वाचा. माझं दुखणं नेमकं असंच होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापुरातच माझी अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून फुग्यानं रुंद केली. त्या काळात कागदपत्रं काय लागली, पैसे कुठे गेले, भीती कशाची वाटली हे लिहितेच, पण मुख्य म्हणजे हृदयाच्या या विचित्र वागण्यामागे काय आहे ते मला जेवढं कळलं तेवढं सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते, वय छप्पन्न. वैद्यकीय म्हणून जे खाली आहे ते डॉक्टरांनी सांगितलेलं आणि एमबीबीएस करणाऱ्या भाच्याकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलेलं आहे.

पहिल्यांदा जाणवलं ते जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर दरवर्षी थोडं तरी अंतर चालायचं हा आमच्या घरचा नेम. त्या दिवशी गर्दीतून चालताना छातीच्या मधोमध ओल्या टॉवेलला पीळ घालावा तसं झालं आणि डाव्या जबड्याखाली एक जडपणा आला. एका दुकानाच्या पायरीवर बसले, गेलं. नंतर मिरवणुकीबरोबर बराच वेळ चालले, काही त्रास नाही. पुढच्या आठवड्यात सकाळच्या फिरण्यातही तेच. आम्ही संभाजी तलावावर जातो, जुनी माणसं ज्याला कंबर तलाव म्हणतात. पहिल्या फेरीत एका ठरावीक जागी पोचलं की पीळ बसायचा, बाकावर बसलं की सुटायचा, आणि दुसरी फेरी अगदी सुखाची व्हायची. फिरायला येणाऱ्या बायकांनी पित्त म्हणून सांगितलं. त्यातल्या एक अक्का म्हणाल्या, "चालल्यावर कमी होतंय ना, मग हार्टचं नसतंय बघा." हे वाक्य मी नंतर दवाखान्यात इतरांच्या तोंडूनही ऐकलं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. वीसेक वर्षं ते आमचं घर बघतात. त्यांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढून नीट विचारलं : दुखणं बोटानं दाखवता येतं का, की हात पसरून दाखवावं लागतं? खाल्ल्यावर येतं की चालल्यावर? जबड्यात, खांद्यात, पाठीत जातं का? मी छातीवर पंजा ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, ईसीजी तुम्ही आडव्या झोपलेल्या असताना काढलाय. दुखतं चालताना. त्या वेळी हृदय काय करतं ते बघायला हवं." आडवं पडून काढलेला ईसीजी चांगला आला तरी हृदयविकार नाही असं होत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी ॲस्पिरिन सुरू केली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट पर्समध्ये ठेवायला दिली आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. सॉर्बिट्रेट घेताना आधी बसायचं, उभ्यानं घ्यायची नाही. तिनं रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस पडू शकतो.

गुरुवारी, ६ फेब्रुवारीला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि टीएमटी झाली. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला. इकोत पंपिंग चांगलं निघालं. टीएमटी म्हणजे चालता पट्टा. छातीला तारा लावतात, दंडाला बीपीचा पट्टा बांधतात आणि दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. साडी नेसून जाऊ नका. सैल सलवार-कुडता आणि पायात घट्ट बसणारे बूट असू द्या, नाहीतर सगळं लक्ष पायातच राहतं. दुसऱ्या टप्प्यात मला तोच पीळ आला. तिथल्या ताईंनी लगेच विचारलं, आलेख बघितला आणि पट्टा थांबवला. डॉक्टर बाहेरून आत आले. टीएमटी पॉझिटिव्ह होती, म्हणजे चालताना हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण आलेखात दिसली.

त्यांच्या खोलीत बसल्यावर मी तलावाचा सगळा प्रकार सांगितला. पहिल्या फेरीत दुखतं आणि दुसरीत नाही हे ऐकल्यावर डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, हे आम्हाला ओळखीचं आहे, याला वॉर्म-अप अंजायना म्हणतात. अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं होणारं छातीचं दुखणं. हृदयाच्या स्नायूला थोडा वेळ रक्त कमी पडलं आणि मग पुन्हा मिळालं, की पुढचा काही वेळ तोच स्नायू रक्ताची टंचाई जास्त चांगली सोसतो. ही सोसण्याची ताकद खरी आहे, प्रयोगशाळेत मोजलेली आहे. पण तिच्यामुळे ब्लॉकेज एक टक्कासुद्धा कमी होत नाही. "दुसऱ्या फेरीत दुखत नाही म्हणून तुम्ही बऱ्या नाही झालात. वाट तेवढीच अरुंद आहे, फक्त स्नायू सावध झालाय." वॉर्म-अप अंजायनामागे फक्त हेच असतं, का आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या उघडण्याचाही त्यात वाटा असतो, याबद्दल संशोधकांचं पूर्ण एकमत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला ते आवडलं. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगणारा डॉक्टर भेटला की माणूस निम्मा शांत होतो.

अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय (रंगद्रव्य) सोडून त्यांची चित्रं बघणं, सोमवारी, १० फेब्रुवारीला झाली. आदल्या दिवशी रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यात किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन महत्त्वाचं, कारण डाय किडनीतून बाहेर पडते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कोणती कधी थांबवायची ते आधीच विचारून घ्या. मला मधुमेह नाही, फक्त बीपी आहे. तपासणी उजव्या मनगटातून करणार होते, म्हणून सिस्टर म्हणाल्या, "काकू, या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील." हिरव्या काचेच्या, बऱ्याच वर्षांच्या, घट्ट बसलेल्या. फोडायला मन होईना. शेवटी त्या सिस्टरनीच बेसिनजवळ नेऊन हाताला साबण लावला, अंगठा तळव्यात दाबला आणि एकेक करून सगळ्या अख्ख्या काढल्या, माझ्या रुमालात बांधून यांच्या हातात दिल्या. बायकांनी हे घरूनच करून जावं. टेबलावर घ्यायची वेळ झाली की तेवढी सवड नसते.

प्रत्यक्ष तपासणी फार दुखत नाही. मनगटात भुलीची सुई टोचते तेवढंच. डाय गेल्यावर छातीत ऊब पसरल्यासारखं वाटतं. डोक्यावरचं यंत्र इकडून तिकडे फिरत असतं आणि बाजूच्या पडद्यावर आपल्याच हृदयाच्या रक्तवाहिन्या काळ्या होऊन दिसतात. माझ्या हृदयाच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीत, डॉक्टर जिला एलएडी म्हणतात, सुरुवातीच्याच भागात ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के ब्लॉकेज होतं. बाकी दोन बऱ्या होत्या. तपासणीनंतर मनगटाला एक पारदर्शक पट्टा बांधतात, त्यात हवा भरलेली असते. सिस्टर दर थोड्या वेळानं सिरिंजनं थोडी थोडी हवा काढतात. ती पूर्ण निघेपर्यंत त्या हातानं काही उचलायचं नाही, अगदी पाण्याचा पेलासुद्धा. अँजिओग्राफीचे अकरा हजार आम्ही रोख भरले. सीडी आणि छापील अहवाल दोन्ही त्याच दिवशी मागून घ्या, पुढे प्रत्येक टेबलावर लागतात.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं की नुसत्या गोळ्यांवर भागेल का. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. अटॅक आलेला नसताना, दुखणं स्थिर असताना, गोळ्या हाही खरा इलाज आहे. अशा रुग्णांत स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, बसवल्यानं आयुष्य वाढतंच असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही, दुखणं मात्र कमी होतं. हे डॉक्टरांनीच सांगितलं. माझ्या बाबतीत ब्लॉकेज मोठ्या वाहिनीच्या सुरुवातीला होतं, टीएमटी लवकर पॉझिटिव्ह झाली होती आणि गोळ्या सुरू करूनही दुखणं राहिलं होतं. म्हणून त्यांनी स्टेंट सुचवला आणि दोन दिवस विचार करायला दिले. घरी आम्ही तिघं बसलो, मुलगा पुण्याहून आला होता. ठरलं.

आता पैशांचं. आमची शिधापत्रिका केशरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पण रुग्णालय योजनेच्या यादीत असावं लागतं. अशा रुग्णालयात खाली एक टेबल असतं आणि तिथे आरोग्यमित्र बसतात. आमच्या वेळी एक मुलगी होती, फार समजूतदार. तिनं शिधापत्रिका आणि आधार शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं : "काकू, इथे नावापुढे बाई आहे, तिथे नाही." आधारवर माझं नुसतं नाव आणि शिधापत्रिकेवर सासऱ्यांनी कधीकाळी लिहून दिलेलं, 'बाई' लावलेलं. शिवाय शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आमच्याकडे नव्हताच. महा-ई-सेवा केंद्रातून अर्ज, प्रतिज्ञापत्र, मग पुरवठा विभागाकडे चकरा. आठवडाभर यांनी कामावर अर्धी रजा टाकून हेच केलं. दुरुस्त होऊन ऑनलाइन दिसायला लागलं तेव्हा कुठे फाइल पुढे सरकली. माझी कळकळीची विनंती आहे, घरात कुणी आजारी नसतानाच एकदा सगळ्यांची आधारवरची आणि शिधापत्रिकेवरची नावं जुळतात का ते बघून ठेवा. सुनांची तर नक्की बघा, माहेरचं नाव राहून गेलेलं असतं.

फाइल गेल्यावर एक क्वेरी आली, टीएमटीचा आलेख स्पष्ट दिसत नाही म्हणून. तो पुन्हा स्कॅन करून पाठवला. मग मंजुरी आली आणि २४ फेब्रुवारीला दाखल व्हायला सांगितलं. या मधल्या काळात घरी मी काय केलं हे विचाराल तर बहुतेक वेळ घाबरले. जिना चढायचा नाही, घाई करायची नाही, दुखलं तर सॉर्बिट्रेट आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट १०८, एवढं ठरलेलं होतं. रात्री मात्र स्वतःचेच ठोके ऐकू यायचे.

त्याच दिवसांत भाचा भेटायला आला. मी त्याला त्या 'सावध झालेल्या स्नायू'बद्दल विचारलं. त्यानं अँजिओग्राफीच्या मोठ्या पाकिटाची पाठ समोर घेतली आणि पेनानं एक रेघ ओढली. "मावशी, १९८६ साल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर." त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच मिनिटं बंद केली, पाच मिनिटं उघडली, असं चार वेळा. पाकिटावर त्यानं चार छोटे चौकोन काढले. त्यानंतर तीच वाहिनी सलग चाळीस मिनिटं बंद ठेवली. तिथे एक लांब चौकोन. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांना ते चार छोटे चौकोन नव्हते, थेट चाळीस मिनिटं. आधीच चारदा रक्त तोडलेल्या स्नायूची जास्त हानी व्हावी असंच कुणालाही वाटेल. झालं उलटं. ज्यांना आधी रक्त तुटण्याचे ते छोटे खंड मिळाले होते त्यांच्यात मेलेला स्नायू दुसऱ्या गटाच्या एक चतुर्थांश एवढाच होता. याला त्यांनी प्रीकंडिशनिंग म्हटलं.

मी म्हटलं, मग बरंच झालं की, माझ्या हृदयाला रोज सकाळी तलावावर हेच मिळत होतं. तो म्हणाला, थांब, त्यांचा शोधनिबंध इथे संपत नाही. त्यानं खाली आणखी एक चौकोन काढला, पाकिटाच्या कडेपर्यंत जाणारा. वाहिनी चाळीस मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली तेव्हा दोन्ही गटांत काहीच फरक राहिला नाही. म्हणजे आधीच्या छोट्या खंडांनी स्नायूचं मरण लांबवलं, टाळलं नाही. त्या उसन्या वेळात वाहिनी उघडली तरच त्याचा उपयोग. ते पाकीट अजून माझ्या फाइलीत आहे. दवाखान्यात वेळेवर जाण्याबद्दल मला कुणी भाषण दिलं असतं तर ते मी विसरले असते, तो कडेपर्यंत गेलेला चौकोन विसरत नाही.

हे होतं कसं, तेही त्यानं सांगितलं, मला समजलं तेवढं लिहिते. रक्त थोडा वेळ तुटलं की पेशी ॲडिनोसिन, ब्रॅडिकायनिनसारखे पदार्थ बाहेर सोडतात. ते पेशीच्या बाहेरच्या कवचावर जाऊन बसतात आणि आत निरोपांची साखळी सुरू होते, ती मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागापर्यंत पोचते. मोठ्या अटॅकनंतर रक्त पुन्हा सुरू होतं त्या क्षणी मायटोकाँड्रियामधलं एक छिद्र उघडतं आणि त्यातून पेशी मरते. ही साखळी ते छिद्र सहज उघडू देत नाही. हे संरक्षण पहिले एक-दोन तास टिकतं, मग जातं, आणि साधारण चोवीस तासांनी पुन्हा एकदा येतं. दुसऱ्या वेळचं थोडं सौम्य असतं पण दोन-तीन दिवस राहतं, कारण तोवर पेशीनं नवी प्रथिनं तयार केलेली असतात. अटॅकच्या आधीच्या चोवीस तासांत अंजायना होऊन गेलेल्या लोकांत काही अभ्यासांमध्ये स्नायूची हानी कमी दिसली, ती बहुधा यामुळे. वय वाढलं की आणि मधुमेह असला की ही सोय कमकुवत होते, असंही प्रयोगांत दिसलेलं आहे. मधुमेहात तर पुष्कळांना छातीचं दुखणं नीट जाणवतच नाही. तिथे दुखण्याच्या इशाऱ्यावर विसंबून राहणं आणखी धोक्याचं.

२४ तारखेला दाखल झाले, २५ ला, मंगळवारी सकाळी अँजिओप्लास्टी. या वेळी बांगड्या घरीच काढून ठेवल्या होत्या. भूल मनगटापुरतीच, मी पूर्ण जागी. तार ब्लॉकेजच्या पलीकडे गेली आणि डॉक्टर म्हणाले, "आता फुगा फुगवतोय, छातीत दाटेल, दाटलं की सांगा." फुगा फुगतो तेवढे क्षण त्या वाहिनीतलं रक्त पूर्ण थांबतं. तोच तलावावरचा पीळ, पण जोराचा. मी "हो" म्हटलं, त्यांनी फुगा सोडला, दोन श्वासांत पीळ गेला. मग स्टेंट, आणि पुन्हा फुगा. या वेळी दाटलं पण कितीतरी कमी.

नंतर मी भाच्याला उत्साहानं हे सांगितलं, की बघ, टेबलावरच प्रीकंडिशनिंग झालं. त्यानं मला आवरलं. १९९० साली खरंच असा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, अँजिओप्लास्टीच्या वेळी फुगा दोनदा फुगवून. दुसऱ्या वेळी रुग्णांना दुखलं कमी आणि ईसीजीतले बदलही कमी झाले. पण तिथे फुगा दर वेळी दीड मिनिट फुगवून ठेवला होता आणि मध्ये मुद्दाम अंतर ठेवलं होतं. माझ्या वेळी काही सेकंदांचं काम होतं, शिवाय पहिल्या फुग्यानं वाट मोकळी झालेली. "तुझ्या दुखण्यावरून काही सिद्ध होत नाही मावशी." तसंच लिहिते.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले नाही असं वर्ष आठवत नाही, त्या वर्षी आयसीयूत पडल्या पडल्या हात जोडले. शेजारच्या खाटेवर अक्कलकोट तालुक्यातले एक काका होते, विणकामातून निवृत्त झालेले. त्यांच्या सूनबाई आणि मी बोलत बसायचो. काकांचंही दुखणं कित्येक महिने माझ्यासारखंच होतं, सकाळी शेताकडे जाताना दुखायचं, थोडं चाललं की जायचं. मग एका रात्री जेवणानंतर दुखायला लागलं ते गेलं नाही. घरच्यांना वाटलं नेहमीसारखं जाईल. सकाळी गाडी करून आणलं तोवर रात्र उलटलेली. त्यांच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं होतं. सूनबाई मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "रोज तर जायचं हो, त्या दिवशी का नाही गेलं?" रोजच्या दुखण्यात वाहिनी अरुंद असते पण वाहती असते. त्या रात्री गुठळीनं ती पूर्ण बंद झाली होती. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी हे त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगितलं, मी मराठीत इथे लिहिते आहे, एवढाच फरक.

२७ ला घरी सोडलं. योजनेमुळे प्रक्रियेचे आणि स्टेंटचे पैसे लागले नाहीत. स्टेंटच्या पाकिटावरचा स्टिकर आणि नंतरची सीडी फाइलीला जोडतात, त्यांची एकेक प्रत आपल्याकडे ठेवा. ज्यांना योजना लागू नाही त्यांच्यासाठी सांगते, फेब्रुवारी २०१७ पासून केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातलेली आहे, म्हणून बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा. आमचे स्वतःचे एकूण पंचवीस हजारांच्या आत गेले : तपासण्या, अँजिओग्राफी, कागदांच्या चकरा, बरोबरच्या माणसाचं जेवण.

घरी आल्यावर एक प्रसंग घडला, तो सांगायलाच हवा, कारण हे वाचून कुणाच्या मनात तेच येईल. भाच्याकडून यांनी ऐकलं होतं की हृदयाचं संरक्षण व्हायला रक्त हृदयाचंच थांबवावं लागतं असं नाही. १९९३ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं की हृदयाच्या एका वाहिनीतलं रक्त असं थोडा थोडा वेळ तोडलं तर शेजारच्या, न छेडलेल्या भागालाही संरक्षण मिळतं. पुढे माणसांच्या दंडाला बीपीचा पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त थांबवायचं, पाच मिनिटं सोडायचं, असं तीन-चार वेळा करून बघायला लागले. लंडनमधल्या २००७ च्या अभ्यासात बायपासच्या ५७ रुग्णांपैकी ज्यांच्या दंडाला असा पट्टा लावला होता त्यांच्या रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या हानीची खूण, ४३ टक्क्यांनी कमी निघालं. डेन्मार्कमध्ये तर अटॅकच्या रुग्णांना ॲम्ब्युलन्समध्येच पट्टा लावून बघितला, त्याचे २०१० मधले निष्कर्षही आशादायक होते. हे ऐकून यांनी संध्याकाळी घरचं बीपीचं यंत्र काढलं आणि म्हणाले, "रोज सकाळी लावायचं का तुला?" माया होती त्यात. मी म्हटलं, तपासणीला जाऊ तेव्हा विचारू.

१० मार्चच्या तपासणीत विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, नीट उत्तर दिलं. छोट्या अभ्यासांनंतर मोठ्या चाचण्या झाल्या. २०१५ मध्ये दोन एकदम प्रसिद्ध झाल्या, ब्रिटनमधली १,६१२ रुग्णांची आणि जर्मनीतली सुमारे १,४०० रुग्णांची, दोन्ही हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी दंडाला पट्टा आवळण्याच्या. रुग्णांच्या पुढच्या तब्येतीत काहीच फरक पडला नाही. मग २०१९ मध्ये अटॅकच्या ५,४०१ रुग्णांची, चार देशांतली. वर्षभरानंतरचे मृत्यू आणि हार्ट फेल्युअर, दोन्हींत फरक नाही. का नाही, याची कारणं शोधणं चालू आहे. शस्त्रक्रियेतलं प्रोपोफॉल हे भुलीचं औषध संरक्षणाच्या आड येत असेल, किंवा आता वाहिनी इतक्या लवकर उघडतात की वाचवायला उरलेलं थोडंच असतं. मेंदूच्या झटक्यातही हा उपाय तपासला गेला आहे, तिथे एका चाचणीत फायदा दिसला, दुसरीत नाही. "म्हणून घरी दंड आवळायचा नाही. तुम्ही रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांवर आहात, दंड काळानिळा होईल आणि मिळणार काही नाही. गोळ्या वेळेवर घ्या, चाला." यांनी मान डोलावली. यंत्र आता फक्त बीपी बघायला निघतं.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त जपावंसं वाटतं ते हे : शरीरात ही सोय आहे हे खरं, १९८६ पासून जगभर शेकडो प्रयोगशाळांत ती दिसली आहे, आणि तरीही तिचं औषध अजून झालेलं नाही. मधल्या काळात ती आपल्याला फसवूही शकते, कारण दुखणं कमी करून ती ब्लॉकेज लपवते.

बाकीचं थोडक्यात. पहिला महिना दहा-दहा मिनिटांचं सपाटीवरचं चालणं, मग हळूहळू वाढवलं. मार्चनंतर सोलापूरचं ऊन कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सकाळी सहाच्या आत निघते आणि पाणी बरोबर ठेवते. चालण्याआधी पाच मिनिटं अगदी सावकाश चालायचं आणि संपवतानाही तसंच, एकदम वेग घ्यायचा नाही. जेवणात शेंगाचटणी आणि कडक भाकरी बंद केलेली नाही, चटणीतलं मीठ निम्म्यावर आणलंय. गोळ्यांना सुरुवातीला महिन्याला सतराशे-अठराशे लागत होते. जनऔषधी दुकानात त्याच घटकांच्या गोळ्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाल्या, डॉक्टरांना नावं दाखवून मगच बदलल्या.

पर्समध्ये तीन गोष्टी कायम असतात : सॉर्बिट्रेटची पट्टी, गोळ्यांची यादी आणि स्टेंटचं कार्ड. सॉर्बिट्रेटच्या पट्टीवरची मुदतीची तारीख मोबाइलमध्ये आठवण म्हणून लावून ठेवली आहे. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या निदान वर्षभर चालू ठेवायच्या आहेत. एप्रिलमध्ये दाढ काढायची वेळ आली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी त्या थांबवायला सांगितल्या. मी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकही गोळी चुकवायची नाही, दाढ काढणं पुढे ढकला किंवा गोळ्या चालू ठेवून काढा. त्या दोघांचं फोनवर बोलणं झालं आणि गोळ्या चालू ठेवूनच दाढ निघाली, कापूस थोडा जास्त वेळ दाबून धरावा लागला.